पात्याच्या वाटेत हात नको

कापणी-झोडणी उरकली की मावळातली भातखाचरं मोकळी पडतात. बांधावर पेंढा रचलेला, पायाखाली टोचणारी धसकटं, आणि ऊन चढेपर्यंत वारा जवळजवळ नाहीच. कामशेतचं नाव देशभर झालं ते बिनइंजिनाच्या उड्डाणांमुळे. पाऊस सरला की शिंदेवाडीच्या टेकडीवरून, टॉवर हिलवरून रंगीत पॅराग्लायडर वाऱ्यावर तरंगायला लागतात. मी मात्र टेकडीच्या पायथ्याशी, मालकांना विचारून, एका खाचरात उतरतो. सोबत बाल्सा लाकडाचं मॉडेल विमान, इंधनाची बाटली आणि दीड व्होल्टची बॅटरी. विमानाच्या नाकावर मुठीत मावेल एवढं ६.५ सीसीचं इंजिन आणि त्यावर १० इंचांचा पंखा.

विमान जमिनीवर ठेवलं की पहिलं काम फक्कीचं. पंख्याच्या अगदी सरळ रेषेत, डावीकडे आणि उजवीकडे, मी जमिनीवर पांढरी रेघ ओढतो. बघायला आलेल्या मुलांना सांगतो, की या रेघेवर कुणी उभं राहायचं नाही आणि रेघेच्या पुढेही यायचं नाही. बघायचं ते मागून.

ही सवय मला उशिरा लागली. माझ्या उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर एक तिरकी पांढरी रेघ आहे. कॉलेजात असताना घाईने इंधन जास्त पाजलं, बोट पात्याच्या मागे आकड्यासारखं अडकवलं आणि झटका दिला. इंजिन सुरू झालं नाही, ते उलटं फिरलं. दुखलं ते नंतर, आधी दिसलं रक्त. चार टाक्यांवर निभावलं. तेव्हा सगळे म्हणाले, जरा लक्ष द्यायचं होतं. आज मला ठाऊक आहे, की लक्ष देऊन ते बोट वाचलं नसतं. ते कुठे ठेवलं होतं, यावरच सगळं अवलंबून होतं.

इंजिन उलटं का मारतं?

या इंजिनाला ग्लो इंजिन म्हणतात. मोटारसायकलच्या प्लगमध्ये ठरलेल्या क्षणी ठिणगी पडते. ग्लो प्लगमध्ये ठिणगी नसतेच. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं एक बारीक वेटोळं असतं. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन यांनी असा प्लग बाजारात आणला आणि हा छंद जगभर सोपा झाला. बॅटरी जोडली की तार लाल होते. इंधनात मुख्यतः मिथेनॉल आणि वंगणासाठी एरंडेल असतं. धुराला जो ओळखीचा गोडसर वास येतो, तो या एरंडेलाचा. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता सुटते. त्यामुळे इंजिन चालू झाल्यावर बॅटरी काढली तरी तार तापलेलीच राहते.

सोय अशी, की चालत्या इंजिनाला वीज लागत नाही. धोकाही इथेच आहे. पेट कधी घ्यायचा हे ठरवणारं घड्याळ या इंजिनात नाही. तारेची उष्णता, आतला दाब आणि मिश्रणाचं प्रमाण यांचा मेळ बसला की इंधन पेटतं. पंखा वेगात असतो तेव्हा पिस्टन माथ्याच्या अगदी जवळ पोचल्यावर पेट होतो आणि सगळं सुरळीत चालतं. हाताने फिरवताना पंखा हळू असतो. पिस्टन वर चढत असतानाच इंधन पेटलं, तर तो अर्ध्या वाटेतून खाली ढकलला जातो आणि पंखा झटक्यात उलटा येतो. इंधन जास्त झालेलं असलं की हा फटका हमखास बसतो.

मावळातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करायचे दिवस त्यांनी पाहिलेत. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात १९४६ ची. अशा इंजिनांनी गावोगावचं पाणी उपसलं. हँडल मारणाऱ्याला पहिला धडा अंगठ्याचा मिळायचा. अंगठा हँडलभोवती आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हँडल उलटलं तर ते मुठीतून सुटून जातं. मोटारींनाही सुरुवातीला हँडलच होतं. उलटलेल्या हँडलने मनगटाजवळचं हाड मोडायचं, म्हणून वैद्यकशास्त्रात त्या मोडीला आजही शोफरचं फ्रॅक्चर म्हणतात. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि हँडलचे दिवस सरायला लागले.

खऱ्या विमानांचीही तीच कथा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानातून. त्या पिढीच्या मॉथ विमानांचा पंखा जमिनीवरचा माणूस हाताने फिरवायचा. तो आणि वैमानिक एकमेकांना मोठ्याने सांगायचे, स्विच बंद, स्विच चालू. हाताने सुरू होणाऱ्या अशा अनेक विमान-इंजिनांच्या मॅग्नेटोत एक स्प्रिंगची युक्ती असते. पंखा हळू असताना ती ठिणगी उशिरा पाडते, म्हणजे पिस्टन माथा ओलांडूनच पुढे जातो आणि फटका बसत नाही. आपल्या चिमुकल्या ग्लो इंजिनात अशी युक्ती नाही. म्हणून ती उणीव आपल्या हाताने आणि रीतीने भरून काढावी लागते.

डोळ्यांना न दिसणारं पातं

आता आकडे पाहू. १० इंचांचा पंखा मिनिटाला १२,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २००. पात्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे ८० सेंटिमीटर कापतं. म्हणजे वेग झाला सेकंदाला १६० मीटर, ताशी सुमारे ५७५ किलोमीटर. कामशेतजवळून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे, त्याच्या पावणेसहापट.

पंखा दोन पात्यांचा, म्हणून एका जागेवरून सेकंदाला ४०० वेळा पातं जातं. डोळ्याला इतकं वेगळं वेगळं दिसत नाही. इंजिन ऐन वेगात आलं की पंखा नाहीसा होतो, उरतं एक फिकट, आरपार दिसणारं चक्र. म्हणून पात्यांची टोकं पांढरी किंवा पिवळी रंगवतात, निदान चक्राची कड तरी दिसते.

माणसाला काही दिसल्यापासून हात हलवायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पातं त्या जागेवरून ८० वेळा गेलेलं असतं. इंजिन नुकतंच सुरू झालंय, मिनिटाला फक्त २,४०० फेरे आहेत असं धरलं, तरी १६ वेळा. दिसताक्षणी हात मागे घेईन, हा भरवसा इथे खोटा ठरतो तो असा. पंख्यात ऊर्जाही कमी नाही. २५ ग्रॅमचा पंखा एकसारख्या पट्टीसारखा धरून हिशेब केला, तर सुमारे १०० ज्यूल येतात. पाच किलोची पिशवी दोन मीटरवरून पडावी एवढी ही ऊर्जा आणि ती येते मिलिमीटरभर जाडीच्या कडेवर.

पात्याच्या टोकाकडचा एक ग्रॅमचा तुकडा या वेगात २० किलो वजनाच्या ओढीने बाहेर ओढला जात असतो. पात्याला बारीक चीर असेल, तर तो तुकडा सुटतो आणि पंख्याच्या सरळ रेषेतच उडतो. फक्कीची रेघ आहे ती याचसाठी.

सुरू करायची रीत

पंखा आधी हातात घेऊन उन्हात धरायचा. टवका, चीर, पांढरट पडलेला वाकडा भाग दिसला, तर तो पंखा घरी न्यायचाही नाही, तिथेच मोडून टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही. नव्या प्लास्टिकच्या पंख्याच्या कडेला साच्याची धारदार रेघ राहिलेली असते, ती पॉलिश पेपरने घासून काढायची. धातूचा पंखा कधीच लावायचा नाही. गळ्यातलं ओळखपत्र, मफलर, लोंबणारी बाही, अंगठी, सगळं दूर. रिमोटचा गळ्यातला पट्टाही वाकल्यावर पंख्यात जाऊ शकतो.

विमान सोबत्याने मागून घट्ट धरायचं किंवा खुंट्याला बांधायचं. थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवायचा, कारण पूर्ण उघड्या थ्रॉटलवर सुरू झालेलं विमान अंगावर येतं. बॅटरी न जोडता कार्ब्युरेटरवर बोट ठेवून पंखा दोन-तीन वेळा हळू फिरवायचा, म्हणजे इंधन आत येतं. गरम इंजिन बॅटरीशिवायही पेट घेऊ शकतं, म्हणून इथेही हात सैल आणि मन जागं. पंखा घट्ट लागला, फिरेचना, तर जोर करायचा नाही. सिलिंडरमध्ये इंधन साचलंय आणि द्रव दाबला जात नाही. प्लग काढून पंखा फिरवला की ते बाहेर पडतं. मिथेनॉलची ज्वाला दिवसा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून सांडलेलं इंधन आधी पुसून घ्यायचं. ते विषारी आहे, हातही धुवायचे.

बॅटरी जोडायची ती सर्वात शेवटी. आणि आता बोट नाही, काठी. बाजारात रबर चढवलेली छोटी काठी मिळते, छंदी लोक तिला चिकन स्टिक म्हणतात, म्हणजे घाबरटाची काठी. हे नाव ऐकून पोरं बोटानेच झटका द्यायला जातात. त्यांना मी माझं बोट दाखवतो. काठीने पात्याला टोकाजवळ झटका द्यायचा आणि त्याच ओघात हात चक्राबाहेर निघून गेला पाहिजे. विजेचा स्टार्टर असेल तर आणखी बरं, फक्त आधी इंधन साचलेलं नाही याची खात्री हवी.

इंजिन धरलं की मोह होतो समोरूनच नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरवायचा. बोटं जातात ती इथे. उठायचं, विमानाच्या पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे यायचं, मग मागून हात घालून प्लगची बॅटरी काढायची आणि नीडल लावायची. चालत्या पंख्यावरून हात न्यायचा नाही. कामशेत समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. मुंबईत नीट चालणारं इंजिन इथे इंधन जास्त झाल्यासारखं गुरगुरतं आणि नीडल थोडी आवळावी लागते. मुंबईहून आलेल्याचा हात पंख्याजवळ जास्त वेळ राहतो तो असा. म्हणून मागून काम करायची सवय त्याला आधी हवी.

बॅटरीचा पंखा आणि पाठीवरचा पंखा

आता बहुतेक मुलं विजेच्या मोटरवर विमान उडवतात. झटका द्यावा लागत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. पण ग्लो इंजिनाला अडथळा आला की ते बहुधा बंद पडतं. विजेच्या मोटरला अडथळा आला, तर नियंत्रक आणखी वीज ओढून ती फिरवत राहतो. बॅटरी जोडली की पंखा जिवंत, मग तो स्थिर का असेना. घरी जोडणी तपासताना पंखा काढूनच ठेवावा. मैदानावर रिमोट जमिनीवर उभा ठेवू नये. वाऱ्याने तो आडवा झाला आणि थ्रॉटलची दांडी पुढे ढकलली गेली, तर विमान आपणहून धावतं. थ्रॉटल कुलूपबंद करणारा स्विच आधी दाबावा, बॅटरी नंतर जोडावी. शाळा-कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. त्या मुलांना हा क्रम उड्डाणाआधी पाठ असावा.

पाठीवर इंजिन बांधून उडायच्या पॅरामोटरची गोष्टही निराळी नाही. अमेरिकेतल्या पॅरामोटर अपघातांच्या ३८४ नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक इजा हातांना झालेल्या होत्या. इंजिन सुरू करताना ते एकदम पूर्ण वेग घेतं, माणूस ते दोन्ही हातांनी आवरायला जातो आणि हात जाळीतून आत जातो. आवरायला जाण्याची ही ऊर्मी नैसर्गिक आहे. म्हणूनच उभं राहायची जागा आधी ठरवावी लागते.

लागलंच तर

पंखा पूर्ण थांबू द्या. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा, अंगठ्या लगेच काढा, कारण बोट सुजतं. बोटाचा भाग तुटला असेल, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करा किंवा तळेगाव, पिंपरी-चिंचवडच्या दिशेने निघा. जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. आत स्नायूबंध किंवा नस तुटलेली असू शकते, जखमेत एरंडेल आणि माती गेलेली असते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

परवा खाचरात गावातली एक मुलगी पुढे आली. तिला काठी हातात हवी होती. मी आधी तिला फक्की दिली. तिने वाकून पंख्याच्या रेषेत दोन्हीकडे रेघ ओढली, मग लहान भावाचा हात धरून त्याला रेघेमागे नेऊन उभं केलं, आणि त्यानंतर काठीसाठी हात पुढे केला. इंजिन तिसऱ्या झटक्याला धरलं. ती उठली, पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे आली आणि मगच नीडलकडे वाकली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने रेघ स्वतः ओढली होती, म्हणून कुठे उभं राहायचं हे तिच्या पायांनाच माहीत होतं.