इंदूरचे ९५० आणि तौक्तेचे ९५०

चक्रीवादळाच्या डोळ्यात या आठवड्यात उतरावयाचे, असे मागील लेखाच्या अखेरीस कबूल केले होते. परंतु मध्यंतरी आमच्याच सुदामा नगरातील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी अशी शंका पुढे ठेवली, की तिचा खुलासा केल्यावाचून पुढे जाणे म्हणजे पाया भरण्यापूर्वी माडी बांधण्यासारखे होईल. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाच्या केंद्रातील वायुदाब ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता, हे त्यांनी येथेच वाचले होते. सहज आपल्या मोबाइलमधील दाबमापक उघडून पाहिला, तो लख्ख उन्हात, झाडाचे पानही हलत नसताना, तोच आकडा समोर! ‘तेथे एवढा अनर्थ, आणि तेवढ्याच दाबाखाली आम्ही अंगणात निवांत चहा घेत आहो, हे कसे?’ असा त्यांचा सवाल आहे.

त्यांचे यंत्र बिघडलेले नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि या उंचीवर दाब ९५० च्या आसपास असावयाचाच; ऐन हिवाळ्यात तो थोडा वर असतो, मे-जूनमध्ये पाचसहा अंकांनी खाली येतो. वायुदाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन, ही गोष्ट आपण पहिल्याच लेखात पाहिली. समुद्रकाठी सामान्य दिवशी दर चौरस मीटरवर हवेचा जो स्तंभ उभा असतो, त्याचे वजन सुमारे १०३ क्विंटल भरते. इंदुरात ते ९७ क्विंटलच्या घरात येते. ही सहा क्विंटलांची तूट खरी आहे. प्रश्न एवढाच, की ती हवा गेली कोठे?

ती कोठेच गेलेली नाही. समुद्रसपाटी आणि माळव्याचे पठार यांच्यामधल्या उंचीत ती आहे. ती आपल्या पायांखाली राहिली आणि आपण तिच्यावर चढून बसलो. तौक्तेच्या केंद्राखाली मात्र समुद्र होता तेथेच होता, आणि दर चौरस मीटरमागे पाचएक क्विंटल हवा त्याच्या माथ्यावरून नाहीशी झाली होती: उष्ण सागराची वाफ वर चढून तिचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तिने तो स्तंभ तापून विरळ झाला आणि वरच्या थरांतून हवा बाहेर सांडत राहिली. आकडा एकच, पण एके ठिकाणी आपण वर चढलो आहो, दुसऱ्या ठिकाणी डोक्यावरचे ओझे घटले आहे.

तरीही चिकित्सक वाचक विचारील, की तूट कोणत्याही कारणाने पडो, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धावलीच पाहिजे. याचे उत्तर आपल्याच घाटात आहे. महू ओलांडून जाम घाटाने खाली उतरा आणि महेश्वरच्या घाटावर, नर्मदेच्या काठी, मोबाइल पुन्हा पाहा: आकडा ९९५ च्या घरात गेलेला दिसेल. इंदूर ते महेश्वर हे सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरांचे अंतर, आणि तेवढ्यात ४५ हेक्टोपास्कलांची तफावत! हीच तफावत समुद्राच्या सपाट पृष्ठावर एवढ्याच अंतरात पडली, तर जहाजे बुडविणारे वादळ उभे राहते. येथे नर्मदेवरून माळव्याकडे झंझावात सुटत नाही, कारण ही तफावत उभी आहे, आडवी नव्हे. खालच्या हवेचा वर जाण्याचा रेटा आणि वरच्या हवेचे वजन यांची अहोरात्र बरोबरी चाललेली असते. आडव्या तफावतीला असा तोलणारा कोणी नसतो. तेथे हवेला धावावेच लागते, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे तिची वाट वळत जाऊन तिचे आवर्त होते.

हा घाटातला प्रयोग नवा नव्हे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने, फ्लोराँ पेरिए याने, फ्रान्समधील प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी चढवून नेली. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला, आणि पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीतला जेथल्या तेथे राहिला. उंचीचा हा हिस्सा वेगळा काढता येतो, म्हणूनच हवामान खाते प्रत्येक वेधशाळेचा दाब समुद्रसपाटीवर आणून मग नकाशावर मांडते. असा हिशेब न करता समभाररेषा काढल्या, तर सह्याद्री आणि माळवा येथे बारमाही चक्रीवादळे ठाण मांडून बसलेली दिसतील!

आमच्या गृहस्थांची दुसरी तक्रार अशी, की सकाळी दहाला असलेला आकडा दुपारी चारपर्यंत तीनचार अंकांनी घसरतो. त्यांनी घाबरू नये. उष्ण कटिबंधात वायुदाब दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो. ही लय इतकी नियमित आहे, की ती मोडली, आणि दुपारी उतरलेला पारा रात्री वर येईनासा झाला, की जुने खलाशी शिडे आवरावयास लागत. नुसत्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. तो किती वेळात किती ढळला, हे ते पाहत. तौक्तेच्या वेळी मुंबई हायच्या समुद्रात पी-३०५ या बार्जवरील अनेक कामगारांनी प्राण गमावले, हे आठवले म्हणजे या ढळण्याकडे लक्ष ठेवण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

डोळ्याचे प्रकरण आता पुढील आठवड्यात. तोवर ज्यांच्याजवळ दाबमापक आहे, त्यांनी सकाळी दहा आणि दुपारी चार या वेळचे आकडे वहीत टिपून ठेवावेत; वादळाच्या वाटेवरील जहाजाचा पारा कसा उतरत जातो, हे त्या शांत आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावयाचे आहे.