वसाहती वाढताना ओढा आणि उंबरही टिकावा

पुणे महापालिकेच्या हद्दीत १९९७ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली आणि त्यांच्याबरोबर कित्येक टेकड्याही शहरात आल्या. त्यांवर घरे बांधू द्यायची की त्या जैववैविध्य उद्यान अर्थात ‘बीडीपी’ म्हणून राखायच्या, हा वाद दीर्घकाळ चालला. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने साडेनऊशे हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील हे आरक्षण मंजूर केले आणि जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर देऊ केला. मात्र, टेकडी राखली तरी पायथ्याच्या वसाहती कशा उभ्या राहतात, यावरही तेथील जीवसृष्टीचे भवितव्य अवलंबून असते.

टेकडीवरचे पाणी ओढ्यांतून खाली उतरते. ओढ्याकाठची झुडपे ही बेडूक, सरडे, मुंगूस यांची ये-जा करण्याची वाट असते. ओढा सिमेंटच्या नळीत बंदिस्त केला की ही वाट बंद होते आणि टेकडी एकाकी बेट बनते.

वृक्षांची कथाही वेगळी नाही. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे अपेक्षित आहे. साठ वर्षांच्या उंबराच्या बदल्यात साठ रोपे लावली, तर कागदावरचा हिशेब जुळतो. निसर्गातला जुळत नाही. उंबराच्या परागीभवनासाठी गांधीलमाशीच्या जातकुळीतील विशिष्ट, चिलटाएवढे कीटक लागतात. त्याच्या फळांवर तांबट, कोकीळ आणि वटवाघळे जगतात. तांबट आपले घरटे कोरतो ते वठलेल्या फांदीत. शोभेच्या साठ रोपांत ही सोय कोठून येणार? फुलपाखरांनाही नुसती फुले पुरत नाहीत. राज्य फुलपाखरू ‘ब्ल्यू मॉरमॉन’च्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर वाढतात.

म्हणूनच इमारतींच्या जागा ठरवण्यापूर्वी भूखंडावरील जुने वृक्ष, ओढे आणि खडकाळ उतार नकाशावर नोंदले गेले पाहिजेत. तळघरातील वाहनतळ संपूर्ण भूखंडाखाली न पसरवता काही जमीन अखंड राखणेही आवश्यक आहे. स्लॅबवरच्या मातीत हिरवळ वाढते, वड वाढत नाही. रहिवाशांनीही पालापाचोळा न जाळता कुजू दिला आणि कीटकनाशकांची फवारणी आवरली, तर मातीतील जीव तगून राहतात.

यातील मोठे निर्णय मात्र आराखडा मंजूर होण्यापूर्वीच घ्यावे लागतात. एकदा ओढा बुजवला, उंबर तोडला की पुढे कितीही माळी नेमले तरी ती हानी भरून येत नाही.