गर्भातील रक्त आणि सिकलसेल

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील पाचवीचा एक विद्यार्थी ऐन थंडीत हातापायांच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला. तपासणीत सिकलसेलचे निदान झाले. त्याची आई पुन्हापुन्हा सांगे, "जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता जी. सहा-सात महिन्यांनी याले कोणाची नजर लागली." आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरी इतके समजले, की त्या माउलीचे निरीक्षण अचूक होते, चुकले होते ते कारण. ते कारण शोधताना आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत.

हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतील, प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. त्याच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात आणि जन्मापूर्वी त्या बदलत जातात. गर्भ साधारण तीन आठवड्यांचा असताना पीतक कोशात रक्तपेशी बनू लागतात. त्यांत 'गॉवर' व 'पोर्टलंड' या नावांची प्रारंभीची हिमोग्लोबिने असतात. पुढे हे काम यकृताकडे जाते आणि 'एफ' हिमोग्लोबिनचा काळ सुरू होतो. त्यात दोन अल्फा व दोन गॅमा साखळ्या असतात. गर्भातील बाळ स्वतः श्वास घेत नाही. वारेतून आईच्या रक्तातील प्राणवायू त्याला मिळवावा लागतो. एफ हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरते, म्हणूनच हे शक्य होते.

प्रसूतीचा काळ जवळ येतो तसतशी गॅमाची जागा बीटा साखळी घेऊ लागते. तोवर रक्तनिर्मितीचे मुख्य काम अस्थिमज्जेने हाती घेतलेले असते. जन्मवेळी सुमारे ७० टक्के हिमोग्लोबिन एफ प्रकारचे असते. सहा महिन्यांत ते झपाट्याने घटते आणि प्रौढांचे 'ए' हिमोग्लोबिन प्रबळ होते.

सिकलसेलचा दोष नेमका बीटा साखळीत असतो. तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. एवढ्या एका बदलाने प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी आपल्या धानकापणीच्या विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदना सुरू होतात. गॅमा साखळीत हा दोष नसतो. म्हणून एफ हिमोग्लोबिन असेतो बाळ सुखरूप दिसते. ते ओसरले की आजार उघडा पडतो. नजर कोणाचीच लागलेली नसते. दोष गर्भधारणेपासूनच असतो, फक्त झाकलेला असतो.

हा दोष एकट्या आईकडून येत नाही. आई व वडील दोघेही वाहक, म्हणजे 'एएस' असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळ 'एसएस' रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून सुनेला बोल लावणे हा अज्ञानाबरोबरच अन्यायही आहे. गडचिरोली-चंद्रपूर भागात हा दोष आदिवासी व बौद्ध समाजांत विशेष आढळतो, इतर समाजांतही आढळतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

ज्या एफ हिमोग्लोबिनने बाळाला सांभाळले, त्याचाच आधार उपचारही घेतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रुग्णाच्या शरीरातील एफचे प्रमाण वाढवते, त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. आमची विनंती एवढीच, की लग्न जुळवताना पत्रिकेऐवजी रक्ताचा अहवाल पाहावा. आई-वडील वाहक असतील, तर बाळ गुटगुटीत आहे म्हणून थांबू नये; जन्मताच इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. साधी सोल्युबिलिटी चाचणी पहिल्या सहा महिन्यांत भरवशाची नसते, कारण त्या वेळी एफ हिमोग्लोबिनच अधिक असते.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मंग याच्या लहान बहिणीचंही रक्त तपासाचं का, गुरुजी?" आमच्या मते, शिक्षणाची सुरुवात अशाच प्रश्नाने होते.