डोक्यावरची बॅटरी घेताना

मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत आदिवासी पाडे आहेत. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान लगतच, त्यामुळे बिबट्याचा वावर. तिथे रात्री वाटेने निघताना एक हात काठीला लागतो, दुसरा पोराला. बॅटरी डोक्यालाच बांधलेली बरी. तुम्हीही रात्रीच्या विजेवर पाणी देता तेव्हा दोन्ही हात फावड्यालाच असतात. दुकानात लांब झोताला भुलू नका. घोणस पायाशी असते. दिवा खाली वळणारा आणि उजेड पसरट हवा. दीडदोनशे लुमेन पुरे. पावसासाठी आयपीएक्स ४ ही खूण पाहा. सेल बदलता येतील अशी घ्या. नुसती चार्जिंगची ऐन भारनियमनात दगा देते. पट्टा मुंडाशावर बसवून पाहा. माझी पहिली इतकी जड निघाली, की दुसऱ्या रात्री मी ती हातातच धरली!