बाबांचा आयपॉड, २००४ ची गाडी

पार्सिपनीत वाढलेल्या मुलांना पहिली गाडी मिळते ती बहुतेक वेळा नवी नसते. आईनं किंवा बाबांनी पंधरा-वीस वर्षं रूट ४६ वर आणि २८७ वर चालवलेली, किल्ली फिरवली की आधी थोडी खोकणारी सेडान. आणि त्याच घरात, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, वायरींच्या गुंत्याखाली एक आयपॉड पडलेला असतो. त्यात लता-आशा असणारच, ती गाणी तुमच्या फोनवरही आहेत. पण कधीकधी त्यात असंही काही असतं जे कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाही. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेला आजीचा आवाज, तिनं म्हटलेलं भीमरूपी स्तोत्र, मागे प्रेशर कुकरची शिट्टी. तो आवाज जर जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला असेल, तर "हा आयपॉड गाडीला कसा जोडायचा" हा प्रश्न वाटतो तितका फुटकळ राहत नाही.

आधी एक सावधगिरी, कारण ती शेवटी सांगून उपयोग नाही. आयपॉड तुमच्या लॅपटॉपला जोडलात आणि "आतलं सगळं पुसून सिंक करू का?" असं विचारलं, तर नाही म्हणा. रिस्टोअरच्या बटणालाही हात लावू नका. आयपॉडची ओळख एका वेळी एकाच संगीत-संग्रहाशी असते. नवा संग्रह भेटला की तो जुनं पुसून टाकायला तयार असतो. आतलं बाहेर कसं काढायचं ते पुढे सांगतो.

आता गाडी. पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला, ५ जीबीचा. त्या सुमाराच्या गाड्यांचे स्टिरिओ मात्र रेडिओ, कॅसेट आणि सीडी एवढंच ओळखत होते. बाहेरून कोणी आवाज घेऊन येईल असं धरून ते बनवलेच नव्हते. त्यामुळे त्या काळातली प्रत्येक जोडणी म्हणजे गाडीला गोडीगुलाबीनं फसवणं होतं. तुमच्या डॅशबोर्डवर कुठलं भोक आहे, त्यावर कशी फसवणूक करायची ते ठरतं.

कॅसेटचं तोंड असेल तर तुमचं नशीब चांगलं, हसू नका. कॅसेटच्या आकाराचा एक अ‍ॅडॉप्टर मिळतो, त्याला शेपटीसारखी वायर असते. एरवी काय होतं, तर टेपवर चुंबकीय खुणा असतात, टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं डेकच्या हेडवरून सरकते आणि हेड त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राची वीज करतं. अ‍ॅडॉप्टरमध्ये टेपच नसते. तिच्या जागी दुसरं एक छोटं हेड असतं. आयपॉडमधून येणारी वीज त्यात शिरली की त्याच्यासमोर तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेकचं हेड समजतं, टेप चालू आहे. आतली दातेरी चाकं केवळ यासाठी फिरत असतात की डेकला टेप अडकली असं वाटून त्यानं बाजू पलटू नये किंवा कॅसेट बाहेर फेकू नये. मधूनमधून येणारा टकटक आवाज त्या चाकांचा. आवाज दबका, चिखलात बुडाल्यासारखा आला तर दोन्ही हेडं नीट समोरासमोर आलेली नाहीत असं समजा. कॅसेट काढून पुन्हा घाला, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

कॅसेट नाही, दुसरंही काही नाही, तर उरतो एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचं हे बोंडुक म्हणजे तुमचं स्वतःचं इवलंसं रेडिओ स्टेशन. त्यावर ८८.१ लावा, गाडीच्या रेडिओवरही ८८.१ लावा, झालं. निदान खोक्यावर तसं लिहिलेलं असतं.

पार्सिपनीत ते होत नाही आणि यात तुमच्या यंत्राचा दोष नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार विनापरवाना एफएम प्रक्षेपणाची ताकद ३ मीटरवर मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टच्या वर जाता कामा नये. ते सुमारे २०० फुटांपर्यंत कसंबसं पोचतं. इकडे पूर्वेला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरून न्यूयॉर्कची बहुतेक मोठी एफएम स्टेशनं काही हजार वॅटनं ओरडत असतात आणि त्यांचा आवाज मॉरिस काउंटीत आरामात ऐकू येतो. एफएममध्ये दोन आवाज मिसळत नाहीत. रेडिओ ज्याचा जोर जास्त त्याला धरतो, दुसऱ्याला जवळपास गिळून टाकतो. म्हणून लेक हियावाथामध्ये किराणा दुकानासमोर उभ्या गाडीत सगळं छान वाजतं, आणि तुम्ही २८७ नं मॉरिसटाउन, ब्रिजवॉटर करत एडिसनकडे निघालात की आजीच्या मारुतीच्या जागी अचानक गाड्यांच्या इन्शुरन्सची जाहिरात सुरू होते. वाटेत रिकाम्या जागा बदलत जातात.

उपाय? पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला, यंत्र परवानगी देत असेल तर ८७.९ किंवा त्याच्या आसपास, जागा शोधा. शेजारच्या दोन्ही फ्रिक्वेन्सीही रिकाम्या असतील तर उत्तम, कारण इथली स्टेशनं ०.२ च्या अंतरानं बसवलेली असतात आणि बलदंड शेजारी भिंतीतून ऐकू येतो. पण मनापासून सांगायचं तर न्यूयॉर्कच्या एवढ्या जवळ राहून एफएम ट्रान्समीटरवर पैसे घालू नका.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धातली गाडी असेल तर बहुधा ऑक्सचं भोक असेल, ३.५ मिलिमीटरचं. ते आर्मरेस्टच्या डब्यात किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये दडलेलं असतं, कित्येकांना दहा वर्षं गाडी चालवूनही माहीत नसतं. इथे फसवणूक नाही, हे खरंखुरं दार आहे. दोन्हीकडे नर असलेली वायर घ्या आणि जोडा. तरी दोन तक्रारी हमखास येतात.

पहिली, आवाज बारीक आणि मागे फसफस. आयपॉडचा आवाज कमी ठेवून तुम्ही गाडीचा वाढवला की गाडीतला स्वतःचा खरखराटही वाढतो. उलट आयपॉड पूर्ण वर नेलात तर तार सप्तकातले स्वर फाटतात. आयपॉड साधारण पाऊण ठेवा, इक्वलायझर बंद करा, बाकीचं गाडीच्या बटणानं. (रेडिओवर परत जाण्याआधी आवाज कमी करायला विसरू नका. माझ्या शेजारी बसलेल्या काकांचा चहा एकदा यामुळे सांडलाय.)

दुसरी तक्रार मजेशीर आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक कुईंऽऽ असा सूर चढतो, सोडला की उतरतो. पुष्कळ जण केबल बदलत बसतात. दोष केबलचा नसतो. आयपॉड एकीकडे ऑक्सला आणि दुसरीकडे चार्जरला जोडलेला असतो, आणि दोन्ही वाटा शेवटी गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच मिळतात, पण वेगवेगळ्या जागी. वर्तुळ पुरं होतं. अल्टरनेटरची थोडी वीज त्या वर्तुळातून, म्हणजे तुमच्या आवाजाच्या वायरीतून वाहू लागते आणि स्टिरिओला ते गाणंच वाटतं. चार्जर उपसून बघा. सूर थांबला तर निदान पक्कं. मग एक तर बॅटरीवर ऐका, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावा. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, वीज जायला तार उरत नाही.

ब्लूटूथबद्दल एकच गोष्ट, कारण ती फार छळते. "गाडीत फोन कॉल येतात पण गाणी वाजत नाहीत." बोलण्यासाठी आणि संगीतासाठी ब्लूटूथचे नियम वेगळे आहेत आणि जुन्या गाडीला फक्त बोलण्याचे येतात. त्या वाटेनं जबरदस्तीनं गाणं पाठवलं तर ते टेलिफोनवरून ऐकल्यासारखं येतं. डग्गा जवळजवळ गायब.

यूएसबीचं भोक असेल तर सगळ्यात स्वच्छ आवाज तिथून, कारण गाडी आकडेच वाचते आणि आवाज स्वतः तयार करते. इथे आपल्या भाषेची अडचण येते. जुन्या स्टिरिओकडे देवनागरी फाँटच नसतो, म्हणून नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. शिवाय एमपी३ फाइलमधल्या सर्वांत जुन्या प्रकारच्या नोंदीत नावाला ३० बाइट असतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटी आणि पायमोडक्या चिन्हासकट, तीन लागतात. "भीमरूपी स्तोत्र" तिथे लिहिलंत तर "भीमरूपी स्" एवढं उरतं आणि पुढचा त एक तृतीयांश कापला जातो. बाबांनी सगळी नावं रोमनमध्ये का लिहिली, ते आता कळलं असेल.

आता आतलं बाहेर काढणं. चाक असलेले आयपॉड (टच नव्हे) कॉम्प्युटरला साध्या डिस्कसारखे दिसू शकतात. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद दिसलं की लगेच मधलं आणि प्ले एकत्र धरा. याला डिस्क मोड म्हणतात, यानं गाणी पुसली जात नाहीत. मग लपवलेले फोल्डर दाखवायला सांगा, मॅकवर कमांड-शिफ्ट-टिंब. "आयपॉड कंट्रोल"च्या आत "म्युझिक" सापडेल. फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावं असतील, घाबरू नका. खरी नावं फाइलींच्या आत शाबूत असतात. सगळा फोल्डर उचलून दोन ठिकाणी कॉपी करा. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही, तेव्हा मैत्रिणीचा मॅक मागा. २००९ च्या आधी आयट्यून्सवर विकत घेतलेल्या काही गाण्यांना कुलूप असतं, ती गाडीत वाजणार नाहीत. आजीला कुलूप नाही.

हे या शनिवार-रविवारीच करा. मोठ्या आयपॉडच्या आत फिरती हार्ड डिस्क असते आणि ती आता वीस वर्षांची आहे. कानाशी धरल्यावर टिक-टिक ऐकू आली तर गाडीचं राहू दे, आधी कॉपी.

मग एक छोटी पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कारण जुन्या गाड्यांना बहुधा तेवढंच वाचता येतं. आजीची फाइल सर्वांत वर यावी म्हणून नावाआधी ०१ लिहा. गाडी ड्राइव्हवेमध्ये उभी असतानाच लावून बघा. न्यू जर्सीत चालवताना फोन हातात दिसला तर पहिल्याच वेळी २०० ते ४०० डॉलर दंड आहे, आणि वाजत नाही म्हटल्यावर हात फोनकडे जातोच.