संदेशयंत्रांचे कपाट आणि त्याचा आधार

शाळेच्या संगणक-कक्षात किंवा ग्रंथालयाच्या कार्यालयात जाळीदार दाराचे एक काळे लोखंडी कपाट वाचकांनी पाहिले असेल. इमारतीतील संगणकांना परस्परांशी जोडणारे स्विच, बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारा राऊटर आणि माहितीचा साठा सांभाळणारा सर्व्हर ही यंत्रे त्यात बसविलेली असतात. व्यवहारात या कपाटाला रॅक म्हणतात. त्याची निवड करताना बहुधा किंमत आणि जागा एवढ्यांचाच विचार होतो. परंतु त्याची खरी परीक्षा भाराची आणि आधाराची आहे.

प्रथम मापांकडे वळू. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते. हे माप अमेरिकेतील दूरध्वनी-केंद्रांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक बनले. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. या दोन मापांमुळे कोणत्याही कारखान्याचे यंत्र कोणत्याही कारखान्याच्या कपाटात बसू शकते. सर्रास आढळणाऱ्या ४२ यूच्या कपाटात यंत्रांसाठी सुमारे १८७ सेंटिमीटर उंची मिळते व बाहेरून ते दोन मीटरच्या आसपास भरते. मात्र पुढून मागपर्यंतची लांबी सर्व यंत्रांची सारखी नसते. स्विच आखूड असतो, सर्व्हर पुष्कळ लांब असतो, आणि मागे तारांना वळण्यास जागा लागते. म्हणून सर्वांत लांब यंत्र मोजूनच कपाट घ्यावे.

आता भाराचा विचार करू. यंत्रांनी पूर्ण भरलेल्या कपाटाचे वजन कित्येक शेकडा किलोग्रॅम होते. असे जड कपाट हलणार कसे, अशी शंका येईल. परंतु उलथून पडणे हे वजनावर नव्हे, तर आकारावर अवलंबून असते. पायाची निम्मी रुंदी गुरुत्वमध्याच्या उंचीने भागली असता जो अंक येतो, गुरुत्वाकर्षणजन्य त्वरणाच्या तितक्या पट आडवे त्वरण मिळताच कपाट एका कडेवर उचलले जाऊ लागते. पाया ६० सेंटिमीटर रुंद आणि गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असेल, तर हा अंक ३० भागिले १००, म्हणजे ०.३ येतो. यूपीएसच्या जड बॅटऱ्या तळाशी ठेवून गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणला, तर तोच अंक ०.५ होतो. एक पैसाही खर्च न करता कपाट कितीतरी स्थिर झाले!

हे गणित केवळ वहीतले नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा भूज शहराचा दूरध्वनी-संपर्क तुटला आणि मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या घडीलाच खबर पोहोचणे कठीण झाले. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने कच्छला सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात घालून त्या विभागासाठी ०.३६ हा गुणक धरला आहे. वरच्या उदाहरणातील ०.३ त्याहून कमी आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यांवर हेलकावा अधिक जाणवतो.

म्हणून कपाट जमिनीशी जखडले पाहिजे. चारही कोपऱ्यांतील अँकर बोल्ट खालच्या काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत. केवळ फरशीत किंवा तिच्याखालच्या मसाल्यात बसविलेला बोल्ट झटक्यासरशी उपटून येतो. उचललेली पोकळ जमीन असल्यास तिच्याखाली पोलादी बैठक करून ती स्लॅबला बांधावी. एका ओळीतील कपाटे परस्परांना बोल्टने जोडावीत, म्हणजे त्यांचा पाया एकत्रित व रुंद होतो. कपाटाची चाके ते हलविण्यापुरतीच असतात. जागेवर आल्यावर भार स्थिर पायांवर उतरवावा. भिंतीवरचे लहान कपाट गिलाव्यात नव्हे, तर विटेत वा काँक्रीटमध्ये पक्के करावे. ते जितके पुढे आलेले असेल, तितकी वरच्या बोल्टांवरील ओढ वाढते.

भूकंप नसतानाही एक धोका असतो. सर्व्हर सरकपट्ट्यांवरून बाहेर ओढला की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. दोन-तीन यंत्रे एकाच वेळी ओढली, तर न जखडलेले कपाट समोरच्या माणसावर कोसळू शकते. यास्तव एका वेळी एकच यंत्र बाहेर काढावे.

याखेरीज हवा, वीज आणि कुलूप यांकडेही लक्ष हवे. यंत्रे बहुधा पुढून थंड हवा घेऊन मागे उष्ण हवा सोडतात. म्हणून दारे जाळीची असावीत आणि रिकाम्या जागा पट्ट्यांनी झाकाव्यात, म्हणजे उष्ण हवा पुन्हा पुढे येत नाही. कपाटाच्या लोखंडास भूसंपर्क-तार जोडलेली असावी. कुलूप असावेच, पण किल्ली कोणाकडे आहे हे दोघांना तरी ठाऊक असावे.

हेच गणित ग्रंथालयातील पुस्तकांच्या उंच मांडण्यांनाही लागू पडते. जड ग्रंथ खालच्या फळीवर ठेवावेत आणि मांडणी भिंतीला पक्की बांधावी. मोजपट्टी घेऊन आपल्या शाळेतील एखाद्या कपाटाचा अंक विद्यार्थ्यांनी अवश्य काढून पाहावा.