नक्कल होती, पण जोडलेली होती
रॅन्समवेअर ही संगणकातील माहिती जागच्या जागी कुलूपबंद करून ती मोकळी करण्यासाठी खंडणी मागणारी घातक प्रणाली होय. ती प्रत्येक फाईल एका किल्लीने कूटबद्ध करते, म्हणजे गणिती प्रक्रियेने वाचता न येणारी करते, आणि ती किल्लीही दुसऱ्या किल्लीने बंद करते; या दुसऱ्या किल्लीने लावलेले कुलूप उघडणारी तिची जोडकिल्ली केवळ हल्लेखोराकडे असल्यामुळे, मांडणीत चूक राहिली नसेल तर बळाने कुलूप फोडणे अशक्यप्राय ठरते.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने ३०० डॉलरचे बिटकॉइन मागितले खरे, परंतु त्यात फाईली परत मिळवून देण्याची सोयच नव्हती, खंडणी हा निव्वळ मुखवटा होता. तो विंडोजमधील ज्या दोषावर स्वार झाला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मात्र एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असल्याने, केवळ अपडेटवर विसंबणाऱ्यांचीही सुटका झाली नाही.

मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक त्यात बंद पडले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. वापरकर्त्यांची व संगणकांची ओळख सांभाळणारे तिचे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, परस्परांच्या नकला बाळगून होते. पण ते एकाच जाळ्यात असल्यामुळे एकत्रच नष्ट झाले. वाचला तो घानामधला एकमेव, तोही वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी बंद होता म्हणून. जागतिक कंपनीची सुरक्षा अखेर वीजकपातीने राखावी, हे नियोजनाचे अपयशच म्हणावे लागेल.

म्हणून किमान एक बॅकअप जाळ्यापासून तोडून ठेवलेला असावा आणि त्यातून माहिती प्रत्यक्ष परत येते का, हे अधूनमधून तपासावे. रोजच्या कामाला प्रशासकीय अधिकारांचे खाते वापरू नये; अनोळखी ई-मेलमधील जोडपत्रे टाळावीत, हे सांगून सर्वांचे झालेच आहे. हल्ला झाल्यास संगणक प्रथम जाळ्यापासून वेगळा करावा. पैसे भरणे हा भरवशाचा उपाय नाही. वैयक्तिक आर्थिक नुकसानीसाठी १९३० ही हेल्पलाइन असून, कंपन्या व संस्थांनी मात्र अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिची माहिती ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला देणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.